दावणीवरचे शरीरक्रियाशास्त्र

गाय किंवा म्हैस काय खाते, कोणत्या हवेत उभी राहते, किती आणि कसले पाणी पिते, याचा हिशेब तिचे शरीर रोज मांडत असते. दुधाची फॅट, शेणाचा घट्टपणा, रवंथाची लय, मिनिटाला पडणारे श्वास, कानांचा स्पर्श, माजाची वेळ या सगळ्यांत तो वाचता येतो. महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र, पशुपोषण आणि गोठा व्यवस्थापन हे तीन विषय असतात, तिन्हींचे पेपर वेगळे असतात. खेडोपाडी फिरतीवर असणाऱ्या पशुवैद्यकाला मात्र हे तिन्ही विषय एकाच दावणीला बांधलेले दिसतात. 'जनावर खात नाही' एवढाच निरोप येतो. गोठ्यात गेल्यावर कळते की दुखणे पोटात असले तरी त्याचे मूळ डोक्यावरच्या पत्र्यात आहे, गव्हाणीतल्या वैरणीत आहे किंवा ती वैरण ज्या मातीत पिकली त्या मातीत आहे.

प्राण्याच्या पेशी शरीरातल्या द्रवांत जगतात आणि हे आतले वातावरण स्थिर राहिले तरच प्राणी बाहेरच्या बदलत्या जगात मोकळेपणाने जगू शकतो, हा विचार फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी १९ व्या शतकात मांडला. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या स्थिरतेला 'होमिओस्टॅसिस' असे नाव दिले. मराठीत तिला समस्थिती म्हणतात. रक्ताचे तापमान, आम्लता, साखर, कॅल्शियम, पाणी यांच्या मर्यादा ठरलेल्या असतात आणि शरीर त्या जिवापाड सांभाळते. मात्र ही स्थिरता फुकट मिळत नाही. तिची किंमत कधी दुधातून, कधी हाडांतून, कधी अंगावरच्या चरबीतून तर कधी गर्भातून दिली जाते. पशुपालकाला दिसते ती ही किंमत. ती कशासाठी मोजली जात आहे, हे शोधणे हे पशुवैद्यकाचे खरे काम आहे.

उन्हाळा आणि दुधाळ गाय

निरोगी गायीच्या शरीराचे तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस असते. ही उष्णता तिला बाहेरून मिळवावी लागत नाही. पोटातल्या आंबवण्याच्या क्रियेतून, पचनातून आणि दूध तयार होण्यातून ती आतच निर्माण होते. जितके दूध जास्त तितका खुराक जास्त, आणि तितकी आतली उष्णताही जास्त. म्हणून होल्स्टिन फ्रिजियन जातीची किंवा तिच्या रक्ताची भरपूर दूध देणारी संकरित गाय २५ अंशांच्या पुढे तापमान गेले की अस्वस्थ होऊ लागते. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो, तेव्हा ही गाय आपल्या सोयीच्या तापमानापेक्षा १५ अंश वर जगत असते.

शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचे मार्ग मोजके आहेत. हवा कातडीपेक्षा थंड असेल तर उष्णता आपोआप बाहेर जाते. हवाच तापलेली असेल तर घाम आणि श्वास यांतून पाणी वाफ होऊन उडणे हा एकच मार्ग उरतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. पण हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर हा मार्गही अरुंद होतो. यासाठी तापमान आणि आर्द्रता एकत्र मोजणारा निर्देशांक वापरतात. तो ७२ च्या पुढे गेला की दुधाळ गायींवर ताण येऊ लागतो. ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर निर्देशांक ८२ च्या आसपास येतो. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तो ८४ च्या घरात जातो. म्हणजे जूनच्या सुरुवातीला, आभाळ भरून आलेले असताना आणि वारा पडलेला असताना, मे महिन्यातल्या कोरड्या उन्हापेक्षा गाय जास्त हैराण असू शकते. 'ऊन तर कमी झालंय, मग दूध का वाढेना?' या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे.

ताण ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. गायीच्या बरगडीमागच्या खळग्याकडे बघत, घड्याळ हातात धरून एक मिनिट श्वास मोजले तरी पुरते. निवांत गायीचे श्वास मिनिटाला २० ते ३० असतात. ते ६० च्या वर गेले की उष्णता बाहेर टाकण्यासाठी तिला कष्ट पडत आहेत असे समजावे. ८०-९० च्या पुढे ती तोंड उघडते, मान लांब करते, लाळेच्या तारा जमिनीला टेकतात. अशी गाय खाली बसत नाही. उभे राहिल्याने अंगाभोवती वारा खेळतो, म्हणून ती तासन् तास उभी राहते आणि पायांवर भार पडत राहतो.

या धापांतून पुढे जी साखळी सुरू होते, ती दावणीवर सर्वांत जास्त नुकसान करते. भराभर श्वास घेताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागते. तोल सांभाळण्यासाठी मूत्रपिंड बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देते. हेच बायकार्बोनेट एरवी लाळेतून पोटात जाऊन तिथली आम्लता आवरत असते. आता लाळेत ते कमी, आणि जी लाळ तयार होते तीही तोंडातून गळून वाया जाते. त्यातच गाय आधी कडबा, भुसा असा कोरडा चारा टाकून देते, कारण तो पचताना जास्त उष्णता होते. दूध कमी झाले म्हणून मालक पेंड आणि भरडा वाढवतो. आम्ल वाढवणारे खाणे जास्त आणि आम्ल आवरणारी लाळ कमी, अशा कात्रीत पोट सापडते. फॅट उतरते. काही आठवड्यांनी खुरांत दुखणे येते आणि पावसाळ्याच्या तोंडावर गाय लंगडू लागते. खुराचा इलाज चालू असतो, पण त्या दुखण्याची सुरुवात एप्रिलमधल्या धापांपासून झालेली असते.

उन्हाळ्यात खाणे कमी होते म्हणून दूध कमी होते, ही समजूत अर्धीच खरी आहे. गरम वातावरणातल्या गायी जेवढे खातात नेमके तेवढेच खाणे थंड वातावरणातल्या गायींना देऊन झालेल्या प्रयोगांत दिसले की दुधातली साधारण निम्मीच घट कमी खाण्यामुळे होते. उरलेली घट शरीराच्या बदललेल्या कारभारामुळे होते. एरवी उपाशी गाय अंगावरची चरबी वापरते आणि रक्तातली साखर कासेसाठी राखते. उष्णतेच्या ताणात चरबी तशी वितळत नाही, साखर इतर अवयव वापरतात आणि कासेच्या वाट्याला कमी येते. त्यामुळे खुराक कितीही वाढवला तरी सावली, वारा आणि पाणी यांची उणीव त्याने भरून निघत नाही.

कोंबड्यांतही हेच रसायन दिसते. कडक उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची येतात. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की कवचासाठी लागणारे कार्बोनेट अपुरे पडते. खाद्यातले कॅल्शियम तेवढेच असूनही टोपलीतली अंडी तडकतात.

उपाय साधे आहेत आणि त्यांचा परिणाम लवकर दिसतो. पत्रा उंच असावा, त्यावर पांढरा चुना द्यावा किंवा पाचट पसरावे. अंगावर पाणी मारायचे तर सोबत वारा हवा. बंद गोठ्यात नुसते पाणी मारल्याने हवा दमट होते आणि ताण वाढतो. मुख्य चारा पहाटे आणि रात्री टाकावा. दूध सुमारे ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे दुधाळ गाय उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकते. ते सावलीतले आणि हवे तेव्हा मिळणारे असावे. दिवसातून दोनदा बादली दाखवणे पुरत नाही. मुक्त गोठ्यात गाय आपल्या सोयीने सावली, वारा आणि पाणी निवडते, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा. खुराकात खाण्याचा सोडा मिसळला तर लाळेतून गेलेले बायकार्बोनेट थोडे भरून निघते.

जातीजातींतला फरक

एकाच उन्हात उभी असलेली खिल्लार आणि संकरित गाय सारख्या धापा टाकत नाहीत. वशिंड असलेल्या देशी गोवंशाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी जास्त आणि मोठ्या असतात, केस आखूड आणि चकचकीत असतात, अंगावर सैल कातडी असते. दूध कमी असल्याने आतली उष्णताही कमी असते. माणदेशाच्या कोरड्या माळावर खिल्लार टिकला तो या जडणघडणीमुळे. सह्याद्रीच्या धुवाधार पावसात, नाशिक-अकोले भागात वाढलेल्या डांगी जनावरांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि पावसाचे पाणी अंगावरून ओघळून जाते. त्यांचे खूरही काळे आणि टणक असतात, भातखाचरांच्या चिखलात लवकर मऊ पडत नाहीत. महाराष्ट्राच्या एका टोकाला कोरडे ऊन आणि दुसऱ्या टोकाला संततधार पाऊस, आणि दोन्हींचा ठसा पिढ्यान् पिढ्या जनावरांच्या कातडीवर उमटलेला दिसतो.

म्हशीची अडचण निराळी. तिची कातडी काळी आणि केस विरळ, त्यामुळे ऊन शोषले जाते. घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा खूपच कमी, त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून तिला डुंबण्याची ओढ असते. पाण्यात बसल्यावर उष्णता थेट पाण्यात जाते आणि अंगावरचा चिखल वाळेपर्यंत गारवा देतो. तळी आटली, नदीवरचे डोह गेले आणि म्हशी दिवसभर पत्र्याखाली बांधल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या शरीराचा एक मोठा आधार गेला. उन्हाळ्यात दुपारी दोन-तीन वेळा अंगावर पाणी घालणे ही म्हशीची शारीरिक गरज आहे.

कोठीपोटातले जग

रवंथ करणाऱ्या जनावराला वाढताना माणूस त्याच्या तोंडात घास घालतो, पण पहिला घास खातात ते त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव. मोठ्या गायीच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात, १०० लिटरहून अधिक ऐवज मावतो. तिथे हवा नाही, तापमान ३९ अंशांच्या आसपास, आणि एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू असतात. ऑक्सिजन नसलेल्या जागी असे जिवाणू वाढवण्याची पद्धत अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी बसवली आणि १९६६ मध्ये त्यांचा या विषयावरचा ग्रंथ आला. त्यामुळे पोटातले हे जग प्रयोगशाळेत अभ्यासता येऊ लागले.

जिवाणू चाऱ्यातला तंतू आणि स्टार्च फोडतात आणि ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. जनावराच्या ऊर्जेचा मोठा भाग, ७० टक्क्यांच्या आसपास, याच आम्लांतून येतो. कडबा, गवत अशा तंतुमय चाऱ्यातून ॲसेटिक आम्ल जास्त मिळते आणि दुधाची फॅट त्यावर अवलंबून असते. मका, गहू अशा धान्यातून प्रोपिऑनिक आम्ल जास्त मिळते. यकृत त्याची साखर करते, त्यातून दुधातले लॅक्टोज बनते आणि लॅक्टोजच्या प्रमाणात दुधाचे लिटर वाढतात. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) धरून ठरतो. त्यामुळे डेअरीची पावती ही एका अर्थाने कोठीपोटाचा अहवालच असते. लिटर टिकून फॅट घसरली, तर बहुतेक वेळा गव्हाणीत तंतू कमी पडलेला असतो किंवा वैरण इतकी बारीक कुटलेली असते की गायीला ती चावावी लागत नाही.

चावणे इथे महत्त्वाचे आहे. गाय दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते आणि १०० लिटरहून अधिक लाळ तयार करते. ती लाळच पोटातली आम्लता आवरते. लग्नाघरचा उरलेला भात, चपात्या किंवा उघड्या राहिलेल्या पोत्यातला गहू जनावराने एकदम खाल्ला की स्टार्चवर जगणारे जिवाणू काही तासांत बेसुमार वाढतात, लॅक्टिक आम्ल साचते, आणि एरवी ६ ते ७ च्या दरम्यान असणारा सामू ५ च्या खाली जातो. तंतू पचवणारे जिवाणू मरतात, रक्तातले पाणी पोटात ओढले जाते, जनावर झिंगते, पातळ आंबूस शेण टाकते आणि वेळीच इलाज झाला नाही तर दगावते. मायेने वाढलेले हे पंगतीचे अन्न गावात दर लग्नसराईत जनावरांचे बळी घेते. हे अन्न जनावराला चांगले की वाईट, हे त्या दिवशी पोटात कोणते जिवाणू किती आहेत यावर ठरते. चारा किंवा खुराक बदलायचा तर जिवाणूंची वस्ती बदलायला दोन ते तीन आठवडे द्यावे लागतात. एवढा एक नियम पाळला तरी गोठ्यावरची निम्मी अपचने टळतील.

वैरणीतून मातीपर्यंत

पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की वैरण म्हणजे वाढे, उसाचे शेंडे. ते स्वस्त असतात, मुबलक असतात, जनावरे आवडीने खातात. त्यांत ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि ते कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. कोठीपोटातले काही जिवाणू ऑक्झलेट फोडू शकतात, म्हणून सवय झालेल्या जनावराला थोडे वाढे सोसतात. महिनोन् महिने फक्त वाढ्यांवर ठेवलेल्या गायीचे मात्र कॅल्शियमचे खाते आटत जाते.

ते कळते ती वेळ बहुधा व्यायल्यानंतरची असते. पहाटेचा फोन येतो. गोठ्यात गाय मान कुशीकडे वळवून बसलेली असते, नाकपुडी कोरडी, डोळे निस्तेज, ताप नाही, उलट अंग थंड.

"काल सांजच्याला चांगली होती डॉक्टर. चीक काढला, पाणी प्याली. पहाटं बघितलं तर उठंना. कान गार पडल्यात बघा हिचं."

"मावशी, व्यायच्या आधी हिला काय घालत होता?"

"वाढंच की. कारखाना चालू झाल्यावर दुसरं काय घालायचं?"

कानांचा गारवा हे त्या माउलीने केलेले निदानच आहे. गायीच्या रक्तात एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम कॅल्शियम फिरत असते. दहा लिटर चिकात वीस ग्रॅमहून जास्त कॅल्शियम निघून जाते. ही तूट भरण्यासाठी हाडांतून कॅल्शियम काढावे लागते आणि आतड्यातून जास्त शोषावे लागते. ही यंत्रणा जागी व्हायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर रक्तातले प्रमाण घसरले तर स्नायू आकुंचन पावत नाहीत, गाय उठत नाही, पोट थांबते, हृदय मंदावते. हाच दुग्धज्वर, ज्यात ज्वर नसतोच. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली कोमट करून मानेच्या शिरेतून सावकाश सोडतात आणि दुसऱ्या हाताने हृदयाचे ठोके ऐकत राहतात, कारण घाई केली तर हृदय बंद पडू शकते. काही मिनिटांत अंगावर थरथर येते, नाकपुडीवर घामाचे थेंब दिसतात, ढेकर येतो, शेण पडते आणि पुष्कळदा गाय उठून उभी राहते. पाहणाऱ्याला तो चमत्कार वाटतो. प्रत्यक्षात रक्ताला हवे असलेले थोडे कॅल्शियम मिळालेले असते, एवढेच.

दुग्धज्वर केवळ वाढ्यांमुळे होतो असे नाही. गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघास आणि खनिजे यांचा मारा करून कॅल्शियम जास्त दिले, तर हाडांतून कॅल्शियम काढणारी यंत्रणा सुस्तावते आणि व्यायल्यावर तीच अडचण येते. म्हणून भाकड काळात कॅल्शियम बेताचे ठेवायचे आणि व्यायल्याबरोबर वाढवायचे.

स्फुरदाची गोष्ट याहून खोल, थेट मातीत जाते. ज्या जमिनीत स्फुरद कमी तिथल्या वैरणीतही ते कमी, आणि पावसाने ताण दिला की आणखी कमी. अशा भागात भरपूर दूध देणारी म्हैस व्यायल्यावर काही आठवड्यांत कॉफीच्या रंगाची लघवी करू लागते. लोक 'लाल मुततीये' म्हणून धावत येतात. रक्तातल्या तांबड्या पेशींना आपले आवरण शाबूत ठेवायला ऊर्जा लागते, आणि ती तयार करायला स्फुरद लागते. दुधातून स्फुरद निघून गेले आणि चाऱ्यातून परत आले नाही की या पेशी शिरांतच फुटतात आणि त्यांतले हिमोग्लोबिन लघवीत उतरते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही लघवी लाल होते, पण तिथे ताप चढलेला असतो. थर्मामीटर आणि व्यायल्याची तारीख यांवरून दोन्हींतला फरक कळतो. शिरेतून सोडियम ॲसिड फॉस्फेट दिले की म्हैस सावरते. पण खुराकात गव्हाचा किंवा भाताचा कोंडा आणि खनिज मिश्रण आले नाही तर पुढच्या वेतात तोच आजार परत येऊ शकतो. चिंध्या चघळणे, भिंती चाटणे, हाडे कुरतडणे ही लक्षणे त्याच्या कितीतरी आधीपासून दिसत असतात. 'हिला वाईट खोड लागलीय' म्हणून तोंडाला मुसके बांधले जाते, तेव्हा शरीराची मागणी न ऐकलेलीच राहते.

एकच पीक, दोन रूपे

ज्वारी हे महाराष्ट्राच्या माणसाचे आणि जनावराचेही अन्न. तिचा वाळलेला कडबा हा कोरडवाहू भागातल्या दावणीचा आधार आहे. हीच ज्वारी कोवळी असताना, पावसाअभावी खुरटलेली असताना किंवा कापणीनंतर फुटवे आलेले असताना विषारी असते. तिच्या पानांत धुरिन नावाचे द्रव्य असते. चावताना पेशी चिरडल्या की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. कोठीपोटातले जिवाणू हे काम आणखी वेगाने करतात, म्हणून घोड्या-डुकरांपेक्षा गाई-म्हशी-शेळ्यांना धोका जास्त. सायनाइड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, रक्त लालभडक दिसते, पण पेशी गुदमरतात. जनावर लडखडते, पडते आणि काही मिनिटांत ते काही तासांत मरू शकते. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेत मिळाले तर जीव वाचतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे फुलोऱ्याआधीची आणि पाण्याचा ताण बसलेली ज्वारी जनावराला न घालणे. पीक तेच, शेत तेच. पावसाने केलेला फरक जनावराच्या श्वासापर्यंत पोचतो.

सुबाभळीचे उदाहरण याच्या उलट दिशेने शिकवणारे आहे. तिच्या पाल्यात प्रथिने भरपूर, पण मिमोसिन नावाचे द्रव्यही असते. त्याने केस गळतात, आणि कोठीपोटात त्यापासून बनणारे दुसरे द्रव्य थायरॉइडचे काम मंदावते. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणाऱ्या जनावरांना हा त्रास होत होता. हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन धडधाकट होत्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने ताडले की फरक शेळ्यांत नसून त्यांच्या पोटातल्या जिवाणूंत असावा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले गेले आणि त्रास थांबला. त्या जिवाणूला १९९२ मध्ये जोन्स यांच्या सन्मानार्थ सिनर्जिस्टिस जोन्सी असे नाव मिळाले. कोणता चारा पोषक आणि कोणता घातक, हे त्या प्रदेशातल्या जनावराच्या पोटात कोण राहते यावरही ठरते. आपल्याकडे सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नये असे सांगतात, ते याच कारणाने.

माज, गाभ आणि ऋतू

तंगीच्या काळात शरीर सर्वांत आधी काटछाट करते ती प्रजननात, कारण त्यावाचून जनावर जगू शकते. व्यायल्यानंतर पहिले दीड-दोन महिने दुधाळ गाय खाण्यातून मिळवते त्यापेक्षा जास्त ऊर्जा दुधातून देते आणि अंगावरची चरबी वापरते. या काळात ती फार खंगली तर अंडाशयाचे काम थंडावते आणि माज येत नाही. 'गाय माजावर येत नाही' या तक्रारीवर इंजेक्शन देण्याआधी पाठीचा कणा, माकडहाडाच्या बाजूचे खळगे आणि बरगड्या हाताने चाचपून १ ते ५ मध्ये अंगस्थितीचा गुण द्यावा. दोनच्या आसपास गुण असलेल्या गायीला संप्रेरकांपेक्षा चाऱ्याची गरज जास्त असते. उन्हाळ्यातली उष्णता अंडपेशीलाही मारक ठरते. ती पेशी तयार व्हायला अनेक आठवडे लागतात, म्हणून मे महिन्याचा परिणाम जुलै-ऑगस्टमध्येही गाभ न राहण्यातून दिसतो.

म्हशीच्या बाबतीत दिवसाच्या लांबीचाही हात असतो. दिवस लहान होऊ लागले, रात्र वाढली की मेंदूतून मेलॅटोनिन जास्त वेळ स्रवते आणि प्रजनन जागे होते. म्हणून म्हशी दिवाळीच्या सुमारास आणि थंडीत जास्त माजावर येतात. गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, त्यामुळे बरीच वीण पुढच्या पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत होते. पारडू जन्मते तेव्हा बांधावर हिरवे असते. उन्हाळ्यात म्हैस माजावर आली तरी ना ओरडते, ना अस्वस्थ होते. या मुक्या माजासाठी रात्री आणि पहाटे निरीक्षण लागते.

उष्णतेचा ताण पोटातल्या वासरालाही चुकत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभ्यासांत असे दिसले की भाकड काळात थंडावा मिळालेल्या गायी पुढच्या वेतात जास्त दूध देतात. उष्णतेत राहिलेल्या गायींची वासरे कमी वजनाची जन्मतात आणि त्या कालवडी पुढे दूधही कमी देतात. आपल्याकडे दुधातल्या गायीला पंखा आणि भाकड गायीला ऊन ही पद्धत सर्रास आहे. भाकड गायीच्या डोक्यावरची सावली पुढच्या दोन पिढ्यांचे दूध राखते.

दुष्काळ आणि सुकाळ

१९७२ चा दुष्काळ, २०१२-१३ आणि २०१८-१९ मधल्या चारा छावण्या यांनी उपासमारीचे शरीरशास्त्र उघड्यावर दाखवले. चारा कमी झाला की जनावराचे शरीर खर्च कमी करते. थायरॉइडचे स्रवण घटते, हालचाल मंदावते, दूध आटते. प्रथिने कमी पडली की मूत्रपिंड युरिया वाचवते आणि तो लाळेतून व पोटाच्या भिंतीतून परत कोठीपोटात जातो, तिथले जिवाणू त्याचे पुन्हा प्रथिन करतात. देशी जनावरे निकृष्ट चाऱ्यावर तगतात त्यात या काटकसरीचा मोठा वाटा आहे. छावणीत ऊस मिळाला की पोट भरते, पण उसात साखर जास्त आणि प्रथिने फार थोडी. नुसत्या उसावर जनावर जगते, सावरत नाही. सोबत थोडी पेंड मिळाली तर फरक दिसतो. गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा असेल तर १०० किलोवर ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडावा आणि २१ दिवस झाकून ठेवावा. युरियापासून सुटणाऱ्या अमोनियाने तंतू मोकळा होतो आणि जिवाणूंना तो पचवता येतो. प्रमाण मात्र चुकवू नये, जास्त युरिया विष ठरतो.

महिनोन् महिने हिरवे न मिळालेल्या जनावरांत अ जीवनसत्त्वाची तूट येते. वासरे संध्याकाळी अडखळतात, डोळ्यांतून पाणी येते, गाभण जनावरे कमकुवत वासरे देतात. हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनपासून हे जीवनसत्त्व बनते. गाय काही कॅरोटीन तसेच दुधात उतरवते म्हणून तिचे तूप पिवळे. म्हैस जवळजवळ सगळ्याचे जीवनसत्त्व करते म्हणून तिचे दूध पांढरेशुभ्र.

दुष्काळ संपतो तो दिवसही जपण्याचा असतो. पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत गवतावर भुकेली जनावरे तुटून पडतात. कोरड्या चाऱ्याला सरावलेल्या पोटाला एवढे पाणी, एवढी साखर आणि प्रथिने झेपत नाहीत. जुलाब होतात. लसूणघासासारखा चारा असेल तर पोटात फेस धरतो, ढेकर अडतो, डावी कूस फुगून वर येते आणि फुप्फुसे दबून जनावर गुदमरू शकते. चरायला सोडण्याआधी थोडा कडबा खायला घालण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. कोरड्या तंतूने रवंथ आणि लाळ सुरू होते, आणि हिरव्याचा पहिला हावरेपणा ओसरतो.

तपासणीचा क्रम

या सगळ्यातून पशुवैद्यकाच्या कामाची एक रीत ठरते. जनावराला हात लावण्याआधी गोठ्यात थोडा वेळ उभे राहून छताची उंची, वारा, वास आणि ओल पाहावी. नंतर गव्हाणीत हात घालावा. वैरण किती लांब आहे, बुरशी आहे का, गायीने काय निवडून खाल्ले आणि काय सोडले, ते पाहावे. पाण्याचे भांडे, त्यातले पाणी आणि ते किती वेळ समोर असते हे विचारावे. शेण पायाने पसरून बघावे. त्यात अख्खे दाणे दिसले तर खुराक न पचताच जात आहे. बसलेल्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करत आहेत का, हे मोजावे. डेअरीच्या पावत्या मागून गेल्या महिन्यातली फॅट पाहावी. व्यायल्याची तारीख, गेल्या तीन आठवड्यांत बदललेला चारा आणि तो कुठल्या शेतातून आला, हे घरातल्या ज्या व्यक्तीच्या हातून रोज वैरण पडते तिला विचारावे. ती बहुधा घरातली बाई असते आणि तिची नोंद सर्वांत खरी असते. त्यानंतर थर्मामीटर, स्टेथोस्कोप आणि औषध.

औषध शरीराला ओढवलेल्या क्षणातून बाहेर काढते, आणि ते वेळेवर मिळालेच पाहिजे. पण त्या क्षणापर्यंत शरीर ज्या कारणांनी आले ती कारणे गोठ्यात आणि गव्हाणीतच राहतात. म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर सावली, पाणी, तंतू, खनिज मिश्रण आणि बदलासाठी द्यायचे तीन आठवडे हेही तितक्याच ठळकपणे लिहिलेले असावे, आणि पुढच्या फेरीत त्यांची विचारपूस औषधाइतक्याच काटेकोरपणे व्हावी.